मालेची गार गाडी

पौडाच्या बाजारपेठेत, एसटी थांब्याच्या मागच्या अंगाला मोहिद्दीन मिस्त्रीचं गॅरेज होतं. सबंध मुळशी तालुक्यात मोटारीतला एसी दुरुस्त करू शकणारा तो एकटाच माणूस. यात मिशीला पीळ भरण्यासारखं फारसं काही नव्हतं, कारण सबंध तालुक्यात एसी असलेली मोटारही एकच होती. ती माले गावच्या, भाताची गिरणी चालवणाऱ्या कोंडाजीची.

मोहिद्दीन सहा वर्षं कुवेतला गॅरेजात राबून ब्याऐंशी साली परत आला. बरोबरचे लोक टेपरेकॉर्डर, घड्याळं, अत्तराच्या बाटल्या घेऊन उतरले. यानं काय आणलं, तर एक लोखंडी पेटी. तिच्यात गॅसचा दाब दाखवणारं दोन तबकड्यांचं गेज, रबरी नळ्या आणि गॅसची गळती शोधायचा एक पितळी दिवा. त्याच्या बायकोनं, हसिनानं, पेटी उघडून पाहिली आणि झाकण लावून टाकलं. "आता कुणाच्या बैलगाडीला गारवा लावणार तुमी?" एवढंच ती म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. तिचं काही चुकत नव्हतं. वर्ष-दीड वर्ष ती पेटी पलंगाखाली पडून होती आणि मोहिद्दीन ट्रॅक्टरचे पंक्चर काढत होता.

मग कोंडाजीनं ती गाडी घेतली. डोंगरात भोकं पाडून दगड तपासणारी एक परदेशी कंपनी मालेला आली होती. तिच्या साहेबांना कोंडाजीनं घरातल्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. काम आटोपून साहेब निघाले तेव्हा त्यांची जपानी पिकअप त्यानं विकत घेतली. पुढं तिघांना बसायची बंद केबिन, मागं उघडा हौदा, आणि केबिनमध्ये बटण फिरवलं की गार वारा. लोकांना चघळायला विषय मिळाला. कोंडाजी आता भाताची पोती थंड करून विकणार म्हणाले. कोंडाजीला एसी चढलाय म्हणाले.  पण कोंडाजीनं गाडी पोत्यांसाठी घेतलीच नव्हती.

ती घेतली होती सारजाबाईसाठी, त्याच्या बायकोसाठी. उभा जन्म चुलीच्या धुरात आणि भाताच्या गिरणीतल्या कोंड्यात गेल्यावर बाईची छाती पार कामातून गेली होती. चार पावलं चालली की दम लागायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूळ आणि धूर यांपासून लांब ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी इथं आणा. आता मालेहून पुण्याला जायचं आणि धूळ नको, हे डॉक्टरांनाच सुचावं. रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. जागोजाग मुरमाचे ढीग, आणि एक ट्रक पुढं गेला की मागचा माणूस भुतासारखा पांढरा. एसटीतून दोनदा नेली, दोन्ही वेळा ती अर्ध्या वाटेत निळी पडली. उन्हाळ्यात काचा लावून बसावं तर उकडून जीव जायचा. त्या पिकअपमध्ये मात्र काचा बंद, आत गारवा, आणि सारजाबाई अंगावर शाल घेऊन राणीसारखी बसायची. "हितं मला वारं पुरतं," ती म्हणायची. दोन वर्षं ती त्या गाडीच्या जिवावर तगली होती, आणि त्या गाडीचा गारवा मोहिद्दीनच्या हातावर.

म्हणून ती मोहिद्दीनला फार मानायची. पुण्याला जाता-येता गाडी गॅरेजसमोर थांबायची. काच बोटभर खाली करून ती हसिनाची चौकशी करायची, तांदळाच्या पापड्यांची पुरचुंडी हातावर ठेवायची. मोहिद्दीन तिला वैनी म्हणायचा. सख्खा भाऊ नव्हता त्याला, त्यामुळं वैनी म्हणायला ही एकच होती.

गाडीवर तिचाही जीव होता. परसात विहिरीच्या पाण्यावर तिनं झेंडू लावला होता, बारमाही. दर अमावस्येला ती त्याची घसघशीत माळ ओवायची, दोऱ्यात नाही, केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीत, आणि गाडीच्या तोंडावर, पुढच्या जाळीवर, कोंडाजीकडून बांधून घ्यायची. मधोमध नारळ, हळदकुंकू. त्यांच्या घरची रीत अशी की एकदा वाहिलेली माळ ओरबाडून काढायची नाही. ती आपली आपण गळली पाहिजे. जुनी गळायच्या आत नवी यायची. गाडीला कधी उघडं तोंड नसायचंच.

शहाऐंशीच्या फाल्गुनात गारवा कमी झाला. पुण्याहून येताना सारजाबाईला घाम फुटला. पाडव्यानंतरच्या गुरुवारी पुन्हा दवाखाना होता. कोंडाजीनं मंगळवारी, ऐन अमावस्येच्या दिवशी, सकाळीच गाडी गॅरेजला आणली.

"मोहिद्दीन, परवापत्तुर झालं पायजे," कोंडाजी म्हणाला. "यंदा ऊन बघतुयास न्हवं. गारव्याबिगर ती पौडापत्तुर सुदिक यायची न्हाई."

"आजच करतो आण्णा. बसा तुमी."

मोहिद्दीननं पेटी उघडली. या पेटीपुढं बसलं की तो वेगळाच माणूस व्हायचा. गेजच्या नळ्या लावल्या. दोन तबकड्या, एक निळी, एक लाल. निळा काटा खाली पडलेला, म्हणजे गॅस गळालाय. मग त्यानं पितळी दिवा पेटवला आणि त्याची नळी पाईपांवरून, सांध्यांवरून सावकाश फिरवत नेली. दिव्याची ज्योत निळी होती. गॅस दाबून पुढं ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरच्या मागच्या सांध्याशी नळी आली आणि ज्योत हिरवीगार झाली.

"हितं हाय," तो म्हणाला. कोंडाजी वाकून त्या हिरव्या ज्योतीकडं बघत राहिला. त्याला ते देवाच्या कौलासारखं वाटलं असावं, कारण त्यानं हात जोडले.

सांध्यातली रबरी कडी विरली होती. मोहिद्दीननं नवी बसवली, पंपानं नळ्यांतली हवा ओढून काढली, मापात गॅस भरला. दुपार झाली. इंजिन चालू केलं, केबिनमध्ये वारा गार यायला लागला. कोंडाजीचा चेहरा उजळला.

पण लाल काटा वर होता. फार नाही, दोन बोटं वर. मोहिद्दीन त्याच्याकडं बघत उभा राहिला.

कुवेतच्या उस्तादानं पहिल्याच महिन्यात त्याला एक गोष्ट मारून मारून शिकवली होती. लाल काटा वर चढला की आधी गाडीचं तोंड धू. पुढच्या जाळीमागं एक दुसरी बारीक जाळी असते, कंडेन्सर. गॅसमधली ऊब तिथून बाहेर पडते. तिथं वाळू बसली की ऊब आतच राहते, आणि केव्हातरी, ऐन उन्हात, कॉम्प्रेसर आपणहून बंद पडतो. कुवेतला वाळू होती, इथं मुरमाची धूळ. तोंड धुवायला पुढची जाळी काढावी लागते. चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम.

मोहिद्दीन पेचकस घेऊन पुढं गेला. आणि थांबला.

जाळीवर नवी कोरी माळ होती. सकाळचीच, अजून ओली. नारळाला हळदकुंकू लावलेलं. कोंडाजी तिथंच स्टुलावर बसला होता. मोहिद्दीनला थांबलेला बघून म्हणाला, "आज पहाटं उठून ववली तिनं. चार येळा दम घेत ववली. म्हणली, मिस्त्रीला सांगा, माळ बांधलीया, आता गाडी बिघडायची न्हाई."

मोहिद्दीनचे हात कोपरापर्यंत काळे होते. गॅरेजमध्ये गाड्या नारळ-लिंबू लेवून यायच्या, पण त्यानं कधी कुणाच्या पूजेला हात लावला नव्हता. त्याच्या बापानं, नबीलालनं, तो दंडक घालून दिला होता. लोक आपल्याकडं विश्वासानं येतात, त्यांच्या देवाच्या वस्तूला आपण हात लावायचा नाही, त्यांना काढून घ्यायला सांगायचं. दुसरा कुणी असता तर त्यानं सांगितलंही असतं. पण चार वेळा दम घेऊन ओवलेली माळ, आणि ती आपली आपण गळायची रीत. आण्णा, ही तोडा, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? सांगितलं असतं तर कोंडाजीनं मुकाट्यानं काढली असती, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्याला सांगवेना.

उन्हाचा कडाका हाय, त्यानं स्वतःची समजूत घातली, गॅसच जरा जास्त झाला असेल. त्यानं थोडा गॅस सोडून दिला. फुस्स आवाज झाला आणि लाल काटा दोन बोटं खाली आला. दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या सकाळी, चिंचेच्या सावलीत त्यानं पुन्हा इंजिन चालवून पाहिलं. अर्धा तास वारा गारच आला. सकाळी आठ वाजता सावलीत गार येणारच. कोंडाजी गाडी घेऊन गेला.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला पिकअप गॅरेजवरून गेली. कोंडाजी चालवत होता, मागं हौद्यात त्याचा गडी बहिरू तोंडाला उपरणं गुंडाळून बसला होता. काचा बंद. आत सारजाबाई, अंगावर शाल. तिनं काचेआडून हात वर केला. मोहिद्दीननं पाना धरलेला हात वर केला. शाल आहे म्हणजे आत गार आहे, एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं.

पुढचं त्याला बहिरूनं सांगितलं, पाचव्या दिवशी.

घोटवड्याच्या फाट्यापुढं रस्त्याचं काम चालू होतं. वाहनं अडवून धरलेली. भर उन्हात, इंजिन चालू ठेवून पिकअप अर्धा तास जागच्या जागी उभी राहिली, आणि दहा मिनिटांत आतला वारा गरम झाला. सारजाबाईनं शाल टाकली. मग काच उघडा म्हणाली. कोंडाजी म्हणाला, थांब जरा, येईल गारवा, मिस्त्रीनं परवाच केलाय. ती पुन्हा म्हणाली. तो थांबच म्हणत राहिला. शेवटी तिचे डोळे फिरायला लागले तेव्हा त्यानं काच खाली केली, आणि नेमका त्याच वेळी शेजारी एका डंपरनं मुरूम ओतला.

"केबिनमदी काय बी दिसंना," बहिरू म्हणाला. "नुसता खोकल्याचा आवाज येत व्हता. मी उतरून पळत जाऊन कामावरच्या बाया-बापड्यांच्या पाया पडलो, रस्ता सोडा म्हणून. सोडला त्यांनी. पर लई येळ झाला व्हता, मिस्त्री."

दवाखान्यात ती दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. डॉक्टर म्हणाले, छाती संपलेलीच होती, आज ना उद्या हे होणारच होतं. डॉक्टरांना म्हणायला काय जातं.

मोहिद्दीन मातीला गेला होता. मुळा नदीच्या काठी गर्दीच्या मागं उभा राहिला. कोंडाजीनं एकदाही मान वर केली नाही, आणि मोहिद्दीनला पुढं व्हायचा धीर झाला नाही.

बहिरू आला होता तो गाडी घेऊनच. मालकांचा निरोप होता, गाडीला काय झालं होतं ते शोधून ठेव, तेराव्यानंतर मी येतो.

गाडीच्या तोंडावरची माळ आता वाळून कागद झाली होती. मोहिद्दीन तिच्यासमोर उकिडवा बसला. आता ती काढायला कुणाची परवानगी घ्यायची होती? त्यानं साबणानं हात धुतले, दोनदा धुतले, माळ सोडवली आणि धुतलेल्या फडक्यावर ठेवली. मग चार स्क्रू काढले आणि जाळी बाजूला केली.

मागं कंडेन्सर दिसतच नव्हता. दोन वर्षांच्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. जाळीच्या फटींतून एकेक पाकळी आत ओढली गेलेली, तिच्यावर भाताचा कोंडा, मुरमाची धूळ, पावसाचं पाणी, पुन्हा पाकळ्या. दोन बोटं जाडीची गोधडीच तयार झाली होती. त्यानं नखानं एक कडा उचलली. आतल्या थरातल्या पाकळ्या अजून पिवळ्या होत्या. अधूनमधून केळीच्या सोपटाचे तुकडे, त्यांना बारीक गाठी. या गाठी कुणी मारल्या हे त्याला माहीत होतं. जिनं त्या मारल्या तिच्याच श्वासाच्या आड त्या जाऊन बसल्या होत्या.

मोहिद्दीन जमिनीवर बसून रडला. गिऱ्हाईक आलं, त्याच्याकडं बघून परत गेलं.

संध्याकाळच्या आत त्यानं पाण्याच्या बारीक धारेनं कंडेन्सर धुतला, गॅस मापात भरला, आणि उन्हात उभं करून इंजिन तासभर चालवलं. लाल काटा जागचा हलला नाही. केबिनमध्ये हुडहुडी भरेल असा गारवा झाला. दहा मिनिटांचं काम होतं. ते मंगळवारी झालं असतं तर गुरुवारी झालं ते झालं नसतं. किंवा झालंही असतं, कोण जाणे. पण फाट्यावर तरी नसतं झालं.

पाकळ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. केराच्या ढिगावर त्या टाकवेनात. फडक्यात बांधून तो हसिनाला घेऊन नदीवर गेला आणि गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं त्या सोडल्या. काय म्हणून सोडायच्या हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं आपल्याला येत होती ती दुवा म्हटली.

काठावर बसून हसिनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना खरं काय ते सांगा. जाळी माळंनं तुंबली व्हती. तुमच्या हातनं झालं न्हाई हे."

"माझ्या हातनंच झालं. मला दिसत व्हता काटा."

"मग ते बी सांगा. पर माळंचं सांगा. न्हाई तर सगळं तुमच्या माथी येईल."

मोहिद्दीननं रिकामं फडकं पाण्यातून काढून पिळलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कोंडाजी एसटीनं आला. डोकं, मिशी उतरवलेली. गालफडं बसलेली. पंधरवड्यात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. बहिरूनं आधीच सांगितलं होतं की मालक ताटावरून उठतात, चतकोर भाकरीसुद्धा घशाखाली उतरत नाही. कोंडाजी त्याच स्टुलावर बसला. पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं.

"काय झालं व्हतं गाडीला?"

मोहिद्दीननं तोंड उघडलं, पण कोंडाजीनं हात वर करून त्याला थांबवलं.

"आदी माझं ऐक. दवाखान्यात एक अँब्युलन्सचा डायवर व्हता. त्यो गाडीला फेरी मारून म्हणला, ह्या फुलांनी पुढची जाळी तुंबली आसंल, म्हणून बंद पडलं. त्या दिसापासनं माझ्या डोक्यात त्येच हाय. ती ववायची आन् मी बांधायचो. दोन वरसं मीच बांधत आलो, ह्या हातानं." त्यानं हात पुढं केले. पेल्यातलं पाणी सांडलं. "खरं सांग मोहिद्दीन. माळंनं तुंबती का रं जाळी?"

मोहिद्दीन त्या हातांकडं बघत होता. हे उत्तर लगेच द्यायला हवं, त्याला वाटलं, जरा जरी थांबलो तरी यांना कळेल.

"न्हाई आण्णा," तो म्हणाला. "जाळी साफ व्हती. मी सोता काढून बघितली. फुलांनी काय होत न्हाई. चूक माझी हाय. मंगळवारी गॅस जास्त झालाय आसं मला वाटलं, आन् मी थोडा सोडून दिला. तुमच्या समोरच सोडला. त्यो कमी पडला."

कोंडाजी त्याच्याकडं बघत राहिला. "फुस्स झालं व्हतं ते?"

"व्हय."

कोंडाजीचे खांदे खाली आले. त्यानं पेला जमिनीवर ठेवला, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.   मग कोंडाजीनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि वर बघितलं. आता त्या नजरेत दुसरंच काहीतरी होतं. मोहिद्दीननं ते येताना पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला.

"ती काच उघडा म्हणत व्हती," कोंडाजी म्हणाला. "आन् मी म्हणत व्हतो, थांब, मिस्त्रीनं केलाय गारवा. तुझ्या शबुदावर मी तिला थांबवलं."

"व्हय, आण्णा."

"म्हंजी तुझ्यामुळं गेली ती."

"व्हय."

"पुन्ना मालेत पाऊल टाकू नको. माझ्या दारात तर न्हाईच न्हाई. आन् मला आण्णा म्हणू नको."

समोरच्या चहाच्या टपरीवरची चार माणसं मान वळवून ऐकत होती. उद्याच्या बाजारापर्यंत ही गोष्ट सगळ्या पेठेत होणार होती. कोंडाजी गाडीत बसला. इंजिन चालू केल्यावर आतून गार झोत आला, तशी त्यानं तळहात झोतापुढं धरला आणि क्षणभर तसाच ठेवला. मग बटण फिरवून बंद केलं, दोन्ही काचा खाली केल्या आणि गाडी मालेच्या रस्त्याला घातली.

मोहिद्दीन घरी आला तेव्हा हसिना दारातच होती.

"आले व्हते?"

"व्हय."

"सांगितलं का सगळं?"

"सांगितलं."

"काय म्हणले?"

मोहिद्दीननं वहाणा काढल्या, रांजणातलं पाणी घेऊन पायांवर ओतलं.

"लई रडले," तो म्हणाला. "आता जेवतील."